सल्लागाराच्या अहवालात आमच्या गावाला समुद्रकिनारा आहे, आता आराखडा मी करायचाय

संघटक_ताई

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत कंत्राटी समुदाय संघटक आहे. बचत गटांच्या बैठका, बँकेच्या फाइली, फेरीवाल्यांचे अर्ज हे रोजचं काम. गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावून पत्र हातात ठेवलं. शहराचा "शाश्वत स्थानिक आर्थिक विकास आराखडा" दोन महिन्यांत हवा. जुना एक आहे म्हणून कपाटातून काढला. चकचकीत, शंभरावर पानं. पान 41 वर "किनारपट्टीवरील मत्स्यव्यवसायास चालना". आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं हो!

आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, या कामाचं टेबलच नाही. बांधकाम, पाणीपुरवठा, कर, स्वच्छता, आस्थापना आहेत. धंद्यापाण्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि माझी ऑर्डर दर अकरा महिन्यांनी नवी होते. यशदाच्या (पुण्यातली सरकारी प्रशिक्षण संस्था) प्रशिक्षणाला नाव देऊ, की साहेबांना नवा सल्लागार नेमा म्हणून टिपणी टाकू? सुरुवात कुठून करतात या कामाची?

बाराची_एसटी

सोप्पंय. समुद्र खोडा, तलाव लिहा, सही घ्या.

निवृत्त_करनिरीक्षक

ताई, वरच्या भावाचं ऐकू नका, तसंच करून करून ही वेळ आलीय. सल्लागार नको. प्रशिक्षणाला जरूर जा, पण त्याआधी आठवडी बाजारात जाऊन बसा.

कागदावर अधिकार केव्हाच आलाय. 74वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे आणि बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन आहे. त्यासाठी माणूस मात्र कुणी दिला नाही. उलट होता तो गेला. जकात होती तेव्हा नाक्यावरच्या कारकुनाला गावात कोणता माल किती उतरतो ते तोंडपाठ असायचं. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली, बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं. नाक्यावरची चिरीमिरी गेली ते बरंच झालं, पण गावाच्या धंद्याची नाडी धरून बसलेला आमच्याकडचा एकमेव माणूस जकातीबरोबर गेला.

बाजाराचंही तेच. वसुलीचा ठेका देतो आपण. ठेकेदार रक्कम भरतो, पालिकेच्या दप्तरी राहतो एक आकडा. बसतं कोण, येतं कुठून, विकतं काय, हे सगळं त्याच्या पोराच्या डोक्यात. आमच्याकडे एका साली ठेक्याला बोलीच आली नाही, म्हणून दहा आठवडे मीच पावतीपुस्तक घेऊन फिरलो. स्थळप्रतीच्या, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या पावतीच्या प्रतीच्या, मागे पेन्सिलीनं गाव आणि माल लिहून ठेवायचो. तिसऱ्या-चौथ्या बाजाराला ध्यानात आलं, भाजीवाल्या बाया दुपारी दोनलाच पाट्या उचलतात. माल शिल्लक असला तरी व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन निघतात. मला वाटलं एसटीची वेळ असेल. एका म्हातारीला विचारलं, तर म्हणाली, "सायेब, सकाळधरनं पानी नाही पेले. पेले तर जावं कुठं?"

बाजारात बायांना मुतारी नव्हती. आणि आमच्या सभेत त्या वर्षी विषय काय चालला होता, तर दुमजली व्यापारी संकुल! (ते झालंही. वरच्या मजल्यावर आजतागायत पत्ते चालतात.) पाच सीटचं शौचालय, एक नळ, दोन दिवे, एवढ्यासाठी मला चार सभा घालवाव्या लागल्या. झालं तेव्हापासून बाजार दिवेलागणीपर्यंत चालतो. आता तर हे काम वित्त आयोगाच्या बंधित निधीत बसतं, कारण तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. लेखापालांना विचारा.

पेठेतला

काकांशी सहमत. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली, त्याच दशकात महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. त्यांच्याच "स्वच्छ" सहकारी संस्थेशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार झाला तो 2008 मध्ये. म्हणजे आधी माणसं दप्तरात आली, मग काम आलं. दरवेळी करार वाढवताना पुन्हा ओढाताण होते, ती गोष्ट वेगळी.

तुमच्याकडे शहर फेरीवाला समिती आहे का? फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्यानं तिच्यात निदान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. असेल तर आराखड्याची पहिली बैठक तिचीच लावा, इतिवृत्तावर यायला हवं.

संघटक_ताई

समिती आहे, कागदावर. शेवटचं इतिवृत्त सापडलं ते स्वनिधीच्या (फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना) घाईतलं, शिफारसपत्रं वाटायची होती तेव्हाचं.

काका, काल बाजारात गेले होते, दोन गटांतल्या चौघींना घेऊन. साडेअकरापर्यंत एक रांग झाली आणि वसुलीवाला पोरगा आला, "ताई, जनगणना का?" म्हणाला. चहा पाजला त्याला. मग त्यानंच उरलेल्या दोन रांगा सांगितल्या, कोण कुठल्या गावची, कुणाची जागा कुणाला भाड्यानं दिलीय, सगळं. हे शेवटचं आराखड्यात लिहू की नको?

निवृत्त_करनिरीक्षक

लिहा, पण नावं नका घालू. आणि साहेबांना दाखवायच्या आधी झेरॉक्स काढून घरी ठेवा.