केशवराव भोसले नाट्यगृहासाठी आपली वर्गणी : कशाला द्यायची, कशी द्यायची

सचिव : नमस्कार मंडळी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, आणि दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. आपल्या सोसायटीतल्या ४८ फ्लॅटनी प्रत्येकी २,००० काढले तर ९६,००० होतात. जाणकारांनी बोलावं, मग ठरवू.

सी-२०१ (सीए) : सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच असतो. ज्याने त्याने स्वतःचे द्यावेत. गल्लीत पावतीपुस्तक फिरवायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. त्यापेक्षा नाट्यगृह महापालिकेचं आहे, तर थेट महापालिकेच्या नावाने चेक काढा. पण आधी लेखा विभागाकडून लेखी घ्या की रक्कम कुठल्या शीर्षाखाली, म्हणजे कुठल्या कामाच्या खात्यात, जमा होणार. नाहीतर ती जनरल फंडात मिसळते आणि मग हिशोब मागायला जागाच राहत नाही. २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती सवलत नाहीच.

ए-१०२ : दगडकामाला देऊया का? शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर ते.

बी-३०४ (सिव्हिल इंजिनिअर) : काका, भावना बरोबर, पण दगडकामात ९६ हजार कुठे जिरतील कळणार नाही. बांधकामाला सरकारी निधी आहे. आपण पैशापेक्षा लक्ष द्यावं. १९१५ चं दगडकाम म्हणजे चुन्यातलं. दर्जात, म्हणजे दगडांमधल्या सांध्यात, सिमेंट भरलं की भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही, तो दगडातून वाट काढतो आणि दगडाच्या कडा सुटायला लागतात. दर्ज साधारण इंचभर खोल उकरून, धुऊन, भिजवून, मुरवलेला चुना १ आणि धुतलेली वाळू ३ असं थराथराने भरायचं, वर ओलं गोणपाट. उन्हात उघडं ठेवलं तर चुना पूड होऊन गळतो.

आगीत तापलेल्या दगडावर बंबाचं पाणी पडलं की वरचा पापुद्रा सुटतो. हातोडीने हलकं ठोकून बघायचं : खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आतून फुटलाय. काजळीवर पाणी तर अजिबात मारायचं नाही, ती छिद्रांत आणखी आत जाते. आधी कोरडा व्हॅक्यूम, मग कोरडा स्पंज. वायर ब्रश आणि सँड ब्लास्टिंगला हात जोडून नाही म्हणा.

ए-४०३ (प्रकाशयोजना) : माझं मत पडद्यांना. रंगमंच म्हणजे लाकूड, कापड, दोर आणि वर उंच पोकळी. खाली पेटलं की ती पोकळी धुराड्यासारखी आग वर ओढते. औषधात बुडवलेलं मखमल स्वस्त पडतं, पण धुतलं की औषध जातं. धागाच ज्वालारोधक असलेलं कापड घ्यायचं. दरवर्षी कडेची एक पट्टी कातरून बाहेर मोकळ्यावर, खाली पाण्याची बादली ठेवून, चिमट्यात लटकवायची. खालच्या टोकाला १२ सेकंद ज्योत धरायची. ज्योत काढल्यावर २ सेकंदांत विझली नाही तर तो पडदा उतरवायचा. जळकी ठिणगी खाली टपकली तरी उतरवायचा.

ए-१०२ : आणि वायरिंग?

ए-४०३ (प्रकाशयोजना) : १,००० वॉटचा एक लाइट २३० व्होल्टला साधारण ४.३ ॲम्पिअर ओढतो. १६ ॲम्पिअरच्या लाइनवर चार लावले की मर्यादा ओलांडली. त्यात उरलेली केबल गुंडाळी करून ठेवतात, उष्णता आतच कोंडते आणि इन्सुलेशन वितळतं. केबल नेहमी सोडून पसरवायची. प्रत्येक सर्किटवर किती लाइट चालतील हे विंगेत ठळक लिहिलेलं हवं.

डी-१०३ (निवृत्त शिक्षिका) : १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवरावांनी संयुक्त मानापमान केलं होतं. वर्गणीसाठी उभं राहणं या नावाला नवं नाही. मात्र खुर्चीवर आपल्या नावाची पाटी नको. पडद्याचंच द्या.

बी-३०४ (सिव्हिल) : बाईंचं पटलं. एकच भर : पत्रात 'ज्वालारोधक पडदे व वार्षिक ज्योत-चाचणी' असं स्पष्ट लिहा, चाचणीची तारीख नोंदवहीत मागा. फक्त 'पडदे' लिहिलं तर निविदेत सगळ्यात स्वस्त कापड येईल.

सचिव : ठीक. सीए ताईंनी लेखा विभागाच्या पत्राचा मसुदा करावा, ए-४०३ ने कापडाचे निकष द्यावेत. लेखी उत्तर हातात येईपर्यंत कोणीही चेक लिहू नये.