मदत हवी आहे: जहाजावर मायक्रोफॉसिल ओळखायला कसं शिकायचं?

नमस्कार मंडळी, समुद्रतळाचे कोअर (गाळाचे लांब दंडगोल नमुने) काढणाऱ्या जहाजावर मायक्रोफॉसिलच्या (सूक्ष्म जीवाश्मांच्या) टीममध्ये शिकाऊ म्हणून जायची संधी मिळालीये, प्रचंड आनंद झालाय, पण आजवर मी फक्त जमिनीवर हातोडी घेऊन फॉसिल शोधलेत आणि इथे सगळा खेळ मायक्रोस्कोपखाली आहे.

मला समजलंय ते असं, की साधारण 9.5 मीटरचा कोअर वर आला की त्याच्या तळाच्या कोअर कॅचरमधला (गाळ निसटू नये म्हणून टोकाला असलेल्या झडपेतला) गाळ आपल्याला मिळतो, तो 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, सुकवायचा, मग ओल्या ब्रशने फोरॅमिनिफेरा (एकपेशीय जीवांची बारीक कवचं) वेचायचे, आणि त्याहून कितीतरी बारीक असलेल्या नॅनोफॉसिलसाठी स्मिअर स्लाइड (काचपट्टीवर गाळाचा पातळ लेप) करायची, आणि हे सगळं झटपट, कारण गाळाचं वय किती ते बाकीचे लगेच विचारणार. चाळणी दरवेळी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवायची म्हणजे आधीच्या सॅम्पलचे अडकलेले कण निळे दिसतात, ही युक्ती मला फार आवडली.

प्रश्न असा की निघण्याआधी नेमकं काय पाठ करू? डिस्कोअॅस्टर ब्राउवेरी हा नॅनोफॉसिल साधारण 19 लाख वर्षांपूर्वी संपला, अशा वय ठरवणाऱ्या मोजक्या खुणा आधी पक्क्या कराव्यात की खऱ्या स्लाइड्सवर डोळा बसवावा? मला दुसरं जास्त पटतंय, चित्रात सगळे नमुने देखणे असतात, गाळात मात्र तुटके आणि झिजलेलेच जास्त.

आणि हलत्या जहाजावर तासन्‌तास मायक्रोस्कोपमध्ये बघताना मळमळ होते त्याचं काय करता? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.