लाकडी चमचे कोरायची आकडी सुरी: जुन्या कानशीची करता येईल का?

काष्ठवेडा: चमच्याची आणि डावाची वाटी कोरायला आकडी सुरी करायची आहे. जुनी १० इंची कानस आहे, कोळशाची छोटी भट्टी आहे. वाक किती ठेवायचा, पाणी कशात द्यायचं (म्हणजे तापवलेलं पातं कशात बुडवून कडक करायचं), आणि वाकवताना पातं तडकतं ते कशामुळे?

ऐरण: कानस उत्तम, पण ती आतपर्यंत पोलादाची हवी. काही स्वस्त कानशींची फक्त वरची कातडी कडक असते. टोकाचा तुकडा व्हाइसमध्ये धरा, वर फडकं टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि तोडून बघा. तुटलेली कड सगळीकडे सारखी करडी, बारीक दाण्याची दिसली तर कामाची. गाभा वेगळा दिसला तर ती सोडून द्या.

मग लाल तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवा. नरम झाली की दाते पूर्ण घासून काढा. तडकण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. दात्याचा एक चरा जरी राहिला, तरी भेग तिथूनच सुरू होते. दुसरं कारण म्हणजे काळपट लाल असताना वाकवणं. नारिंगी रंगावर वाकवा, रंग उतरला की परत भट्टीत.

जाडी ३ मिमी, रुंदी १० ते १२. वाकाची त्रिज्या चमच्याला २० मिमी, डावाला ३० च्या आसपास. धारेचा उतार वाकवण्याआधीच, बाहेरच्या बाजूने काढा. धारेवर अर्धा मिमी जाडी राहू द्या, नाहीतर ती भट्टीत जळते. डावखुऱ्याचा आकडा उलटा होतो, म्हणून आधी पुठ्ठ्याची पट्टी वाकवून हातात धरून बघा.

पाणी तेलातच द्या, साध्या पाण्यात एवढं पातळ पातं हमखास तडकतं. शेंगदाण्याचं तेल ५०-६० अंश गरम, लोखंडी डब्यात, झाकण हाताशी (तेल पेट घेतं). चुंबक चिकटेनासं झालं की किंचित पुढे तापवून बुडवा. नंतर ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, दोनदा. घासलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग यायला हवा. निळा आला तर धार दुमडेल, आणि ओव्हनचं हे कामच टाळलं तर पात्याचे तुकडे उडतील.

कोयतेकरी: कोयत्यासाठी लोहार गाडीचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) वापरतात, तोही चालतो. कार्बन कमी, त्यामुळे चिवट असतो, पण धार कानशीइतकी टिकत नाही. शिवाय जाड असतो, ३ मिमीवर आणायला ठोकाठोक फार. कानस हाताशी असताना पाट्याच्या मागे लागू नका.

काष्ठवेडा: धन्यवाद! आतल्या बाजूला धार कशी लावायची? सपाट दगड तिथे पोचतच नाही.

पटाशी: वाकापेक्षा थोड्या बारीक गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळा: ४००, ८००, १५००, शेवटी २०००. आतून फक्त लव (घासल्यावर धारेवर उरणारी बारीक कुसळं) काढायची, उतार द्यायचा नाही. बाहेरून लाकडी पट्टीवर पेपर चिकटवून उताराची टाच (धारेच्या विरुद्ध बाजूची कड) आणि धार एकदम टेकवून घासा, कोन २५ अंशांच्या आसपास. पट्टी डुलली की धार गोलावते आणि सुरी लाकडावरून नुसती घसरते. टाचेचा कोपरा मात्र थोडा मोडा, तो वाटीच्या तळाला चरे पाडतो. शेवटी चामड्यावर हिरवं पॉलिश लावून १५-२० हात मारा.

कोरताना आंब्याचं किंवा शिवणीचं ओलं लाकूड घ्या. रेषांना आडवं, दोन्ही काठांकडून मध्याकडे, आणि अंगठा धारेच्या वाटेत नको.