मदत हवी आहे: पीडीबीत सिमेट्रीवरून प्रोटीन कसं शोधायचं?

राजेहो, जरा मदत पाहिजे होती. मी चिमूर तालुक्यातली, एमएस्सीला आहे, आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट लय, घरातच आहे म्हणून प्रोजेक्टला हिमोग्लोबिनच घेतलं. आता मले पीडीबीतून (प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाईन साठा) हिमोग्लोबिनसारखे दोन-दोन सारख्या साखळ्यांचे, म्हणजे ए२बी२ प्रोटीन काढायचे आहेत. सिमेट्रीत सी२ (अर्धा फेरा फिरवला की तसंच दिसणारं) टाकलं तर साधे डायमरच, म्हणजे दोन साखळ्यांचे, धो धो येतात, आणि हिमोग्लोबिनच्या पानावर ग्लोबल सी२ अन् खाली स्यूडो डी२ (तीन आडव्या-उभ्या अक्षांभोवती अर्धा फेरा फिरवूनही तसंच) असं दोन्ही लिहिलेलं, अल्फा-बीटा साखळ्या दिसायला सारख्या म्हणून चारही एकच धरते ते. मग सर्चमधे ग्लोबल सी२ आणि स्टॉइकिओमेट्री (कोणती साखळी किती) ए२बी२ एकाच असेम्ब्लीला (साखळ्यांचा पूर्ण जुळलेला संच) लागू होईल असं कसं जोडायचं? रिझल्टमधे स्ट्रक्चरऐवजी असेम्ब्ली निवडायचं का?

परवा १एचएचओ या हिमोग्लोबिनच्या नोंदीची फाईल उघडली तर दोनच साखळ्या, मी घाबरली, अर्धं प्रोटीन गेलं कुठं! मग बायॉलॉजिकल असेम्ब्लीची फाईल घेतली तेव्हा चारही दिसल्या, क्रिस्टलच्या सिमेट्रीनं बाकीच्या दोन तयार होतात म्हणे. म्हणून साखळ्या मोजून गाळायची पद्धत नका सांगू, त्यात असे सुटतात.

लाईन रात्रीच नीट राहते, तेव्हा करून पाहीन. कोणी केलं असेल तर सांगा ना.