रातांबे-करवंदांचा सामूहिक उद्योग: सरबत फसफसतं, जेलीत खडे होतात, लिप बाम रवाळ होतो. काय करावं?

घाटपायथा:
सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या काही बचतगटांनी मिळून रातांबे (कोकमाची फळं) आणि करवंदांवर प्रक्रिया सुरू केली आहे. कोकम सरबत, करवंदाची जेली, आमसुलं, आणि बियांच्या तेलापासून लिप बाम अशी चार उत्पादनं आहेत. अडचणी अशा:

1. सरबताचे काही पिंप जूनमध्ये फसफसले. जे टिकले त्यांचा लाल रंग दोन महिन्यांत विटकरी झाला. टिकण्यासाठी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घातलं होतं. सोलांच्या (रातांब्यांच्या सालींच्या) दीडपट साखर घेतली होती.
2. जेली आंबोलीच्या केंद्रात शिजवतो. थर्मामीटरवर 105 अंश आले की उतरवतो. ती चिवट होते आणि महिन्याभरात साखरेचे खडे धरतात.
3. मुठेलाला (कोकमाच्या बियांच्या तेलाला) खवट वास येतो आणि लिप बाम रवाळ होतो. बामला कोकमाच्या रसाचाच लाल रंग द्यायची बायकांची इच्छा आहे.
4. आता सहकारी संस्था नोंदवायची आहे. नफा कसा वाटावा, परवाने कोणते लागतील?

फळप्रक्रिया_कोकण:
तुमच्या पहिल्या तीनही अडचणींचं मूळ बहुतांशी पाण्यात आहे. सरबतात ते जास्त राहतं, जेलीतून जास्त उडतं आणि बियांत वाळवल्यावरही शिल्लक राहतं. मी सरबत आणि जेलीचं सांगतो.

सरबताचा हिशेब कागदावर मांडून बघा. एक किलो ताज्या सोलांत ढोबळमानाने 800 ग्रॅम पाणी धरा. त्यावर दीड किलो साखर म्हणजे 2.3 किलो द्रवात दीड किलो, साधारण 65 टक्के. हा अगदी काठावरचा आकडा आहे. फळं धुतल्यावर नीट निथळली नाहीत आणि किलोमागे 200 ग्रॅम पाणी सोबत आलं, तर तुम्ही थेट 60 टक्क्यांवर येता. तिथे यीस्ट आरामात वाढतं. एकास दोन घेतलं तर निथळलेल्या सोलांवर 71 टक्के येतात आणि थोडं पाणी आलं तरी 66 च्या खाली जात नाही. साखर वाचवायला प्रमाण कमी केलं की पिंपच्या पिंप जातो, त्यामुळे ती काटकसर परवडत नाही.

फळं आधी धुवा, चाळणीवर रात्रभर निथळू द्या, कापडाने पुसा आणि मगच फोडा. फोडल्यावर धुवू नका, रंग पाण्याबरोबर जातो. पिंपात सोलांचा थर, साखरेचा थर असं भरत जा आणि सगळ्यात वर साखर ठेवा. सात-आठ दिवस रोज तळापासून ढवळा. न ढवळलेल्या पिंपात साखर तळाशी बसते आणि वरची चार बोटं पातळ राहतात. फसफसायला तिथूनच सुरुवात होते. गाळल्यावर रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजायचं उपकरण) लावा. 65 ब्रिक्सच्या (म्हणजे 65 टक्के साखरेच्या) खाली असेल तर साखर घालून विरघळवा, उकळू नका.

रंगाचं कारण केएमएस. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोकमातल्या लाल रंगद्रव्याला फिकं करतो. हेच जांभूळ आणि करवंदालाही लागू आहे. लाल-जांभळ्या रसांना सोडियम बेंझोएट वापरायचं. मर्यादा बेंझोइक आम्लाच्या हिशेबाने 600 पीपीएम (दहा लाख भागांत 600) आहे, म्हणजे किलोमागे सोडियम बेंझोएट 0.7 ग्रॅम. ते चिमटीने घालू नका. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा घ्या, थोड्या कोमट पाण्यात विरघळवा आणि पूर्ण पिंपात मिसळा. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम या कशाचाही स्पर्श नको. स्टील किंवा अन्नासाठीचं प्लास्टिकच. बाटल्या उन्हात मांडून विकल्या तर बेंझोएट घालूनही रंग जाईल.

जेलीची चूक थर्मामीटरच्या आकड्यात आहे. 105 अंश हा समुद्रसपाटीवरचा आकडा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला ढोबळमानाने एक अंश कमी. आंबोली जवळपास 690 मीटरवर आहे, म्हणजे तिथे पाणी 97.5 ते 98 अंशांना उकळतं. म्हणून रोज सकाळी आधी नुसतं पाणी उकळवून आकडा बघा आणि त्यात साडेचार ते पाच अंश मिळवा. तुमच्याकडे तो 102.5 च्या आसपास येईल. 105 पर्यंत गेलात की साखर सत्तरीच्या पुढे जाते, मग चिवटपणा आणि खडे दोन्ही येणारच.

करवंदं सगळी काळी घेऊ नका. तीन भाग पिकलेली आणि एक भाग लालसर कच्ची घेतली की पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातला घटक) भरपूर मिळतं. देठ काढून फळं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, चीक सुटतो. मग फळाच्या निम्मं पाणी घालून 20-25 मिनिटं शिजवा आणि कापडातून आपोआप गळू द्या. पिळलं तर जेली गढूळ होते. गाळलेल्या अर्कातला एक चमचा घेऊन त्यात तेवढंच स्पिरिट मिसळा. एकच घट्ट गोळा झाला तर अर्काच्या वजनाइतकी साखर, दोन-तीन तुकडे झाले तर पाऊणपट, बारीक कण झाले तर निम्मी. चाचणीचं ते मिश्रण फेकून द्या, ते पोटात जाता कामा नये.

मुठेल:
खवटपणा तेल काढताना येत नाही, तो बियांत आधीच आलेला असतो. आमसुलं करताना बिया बाजूला ढिगाने पडून राहतात, त्यावर बलक तसाच चिकटलेला असतो, मृगाचा पाऊस येतो आणि बुरशी धरते. फळं फोडली त्याच दिवशी बिया टोपलीत घालून पाण्यात रगडून धुवा आणि कडक उन्हात पसरा. बी हलवल्यावर मगज आत खुळखुळला आणि दाताखाली कट्कन तुटला की वाळली समजा. पाऊस लवकर आला तर ट्रे ड्रायरमध्ये 50 ते 55 अंशांवर वाळवा. चुलीवरच्या माळ्यावर वाळवलेल्या बियांना धुराचा वास लागतो. आमटीत तो चालून जाईल, ओठांवर नाही. गोणी जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

वाळलेल्या अख्ख्या बियांत साधारण पाव भाग तेल असतं. कुटून पाण्यात उकळण्याच्या घरगुती पद्धतीत ते सगळं हाती लागत नाही, म्हणून माल वाढला की टरफल काढून घाणीवर किंवा एक्स्पेलरवर काढून घेणं फायद्याचं. पाण्यावरून काढलेलं तेल मंद आचेवर पुन्हा तापवा. तडतड आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत त्यात पाणी आहे असं समजा. मग कापडातून गाळून कोरड्या, तोंडापर्यंत भरलेल्या डब्यात ठेवा.

रवाळपणाचं कारण वेगळं आहे. कोकम तेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं आणि ते सावकाश थंड झालं की मोठे स्फटिक धरतं. अर्धवट वितळवून ओतलं तर जुने स्फटिक आत राहतात आणि त्यांच्याभोवती नवे जमतात. एक किलोचं प्रमाण:

कोकम तेल 250 ग्रॅम, मधमाशांचं मेण 250, एरंडेल 250, खोबरेल 245, व्हिटॅमिन ई 5.

हे नळीतल्या बामसाठी. डबीत भरायचा असेल तर मेण 150 वर आणा आणि ते 100 ग्रॅम दोन्ही पातळ तेलांत वाटून वाढवा. भांडं गरम पाण्यात ठेवून आधी एरंडेलात मेण वितळवा, मग बाकीचं घाला. 75 अंशांवर 15 ते 20 मिनिटं ठेवा. ही वेळ चुकवू नका. 65 च्या आसपास ओता आणि भरलेले ट्रे लगेच फ्रिजमध्ये 15-20 मिनिटं ठेवा. पातेल्यात गोठलेला उरलेला माल पुन्हा वापरायचा तर परत 75 वर तेवढाच वेळ द्या. विक्रीला काढण्याआधी दोन नळ्या दिवसभर 40 अंशांवर आणि रात्री खोलीत, असं तीनदा करून बघा. मे महिन्यात एसटीच्या टपावर माल याहून जास्त तापतो.

रसाचा रंग मात्र विसरा. तो पाण्यात विरघळणारा आहे, तेलात उतरत नाही. रस घातला तर थेंब वेगळे राहतात आणि पाणी आलं म्हणून बुरशी येते. साबणात घातला तर अल्कलीमुळे लाल राहतच नाही, काळपट-तपकिरी होतो. बामचा रंग मेणाचा पिवळसरच असू द्या.

घाटपायथा:
खूप उपयोगी. केएमएस आजच बंद. आंबोलीत पाणी उकळवून बघितलं, 98 ला जरा कमीच आलं. चौथ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

सभासद_क्र_११:
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार किमान दहा सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत जातो आणि भागभांडवलावरचा लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. ही मर्यादा तुमच्या भल्याची आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते जास्त भाग घेऊन सगळा नफा नेऊ शकत नाहीत. उरलेला नफा दिलेल्या मालाच्या वजनावर बोनस म्हणून वाटा, माणशी समान नको. समान वाटप असेल तर दोन किलो देणारी आणि दोनशे किलो देणारी सारख्याच होतात, आणि दुसऱ्या वर्षी जास्त देणारी बाई व्यापाऱ्याकडे जाते.

माल आणला त्याच दिवशी पैसे द्या. दर सोलांचा वेगळा आणि वाळलेल्या बियांचा वेगळा लावा. बियांना भाव मिळाला की त्या ढिगात कुजत नाहीत. प्रत्येकीच्या नावाची वजनाची चोपडी ठेवा आणि सही घ्या. एप्रिलअखेर ते जून या काळात वर्षभराचा माल खरेदी करावा लागतो, तेव्हा खेळतं भांडवल फेब्रुवारीतच बँकेकडून मंजूर करून ठेवा. बाटल्यांचे पैसे त्यातच धरा, नाहीतर पिंप भरलेले असतात आणि बाटल्या नसतात.

खाद्यपदार्थांना एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना. लिप बाम हे सौंदर्यप्रसाधन, त्याला सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. अर्ज कॉस-5 या नमुन्यात करायचा. बामची खोली जेलीच्या खोलीपासून पूर्ण वेगळी असावी. तांत्रिक व्यक्ती लागते, गावात कोणी डी. फार्म. झालेली मुलगी असेल तर तिला आत्ताच सोबत घ्या. लेबलवर ‘ओठांच्या भेगा बऱ्या होतात’ लिहू नका, बरं करण्याचा दावा औषधाकडे जातो. ‘त्वचा मऊ ठेवतं’ एवढं पुरे. जेलीवर ‘नैसर्गिक’ लिहिणंही एफएसएसएआयच्या 2018 च्या दाव्यांच्या नियमात बसत नाही, तो शब्द काही न मिसळलेल्या एकाच पदार्थासाठी आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

करवंदं वनजमिनीवरची असतील तर ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क आहे का ते बघा. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातल्या इतर उत्पन्नावर) मालकी मिळते आणि 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभा नेमेल ती समिती देऊ शकते.

मुठेल:
एक राहिलं. बियांपासून उगवलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात, म्हणून नवी लागवड कलमांचीच करा. दापोली विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाच्या आधी तयार होते, त्यामुळे बिया वाळवायला ऊन मिळतं. पण आधीची सगळी नर झाडं तोडू नका, फळधारणेला परागकण तिथूनच येतात. आणि करवंदाच्या जाळ्या कोयत्याने छाटून फळं काढू देऊ नका. फांदीसकट आणलेली करवंदं वजन करायच्या आधीच परत पाठवा.