पाडव्याला कौतुक झालेले लुगडे मंगळवारी ऑफिसात का खुपते?

प्रश्न : आजीची_नात (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. मी ऐरोलीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात ११ वर्षांपासून काम करते. दीड वर्षापूर्वी माझी आजी गेली आणि तिच्या ट्रंकेतील ७ इरकली लुगडी माझ्याकडे आली. सगळी नऊवारी आहेत. त्यांच्या सहावारी करून उरलेल्या कापडाचे ब्लाउज शिवावेत, असे घरात सर्वांनी सुचवले. पण तिने इतकी वर्षे जपलेल्या कापडाला कात्री लावायला माझा हात धजेना. मावशीकडून ओचा-कासोटा नीट शिकून घेतला आणि गेल्या दिवाळीपासून आठवड्यातून दोन दिवस मी लुगडे नेसूनच ऑफिसला जाते.

यंदाच्या गुढीपाडव्याला स्वागतयात्रेत मी त्यांतलेच मोरपंखी लुगडे नेसले होते. तलावपाळीवर तीन अनोळखी बायकांनी मला थांबवून कौतुक केले, एकीने सोबत फोटोही काढून घेतला. पुढच्या मंगळवारी तेच लुगडे नेसून वाशीच्या गाडीत बसले, तेव्हा शेजारच्या बाईंनी ‘आज काही कार्यक्रम आहे का?’ असे विचारले. ‘नाही, कामावर चालले आहे,’ असे सांगताच त्यांनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळले आणि त्या खिडकीकडे वळल्या. ऑफिसात साहेबांनी ‘बाहेरची माणसे भेटायला येणार असतील त्या दिवशी हे नको,’ असे सुचवले. सासूबाई मायाळू आहेत, पण त्यांचे म्हणणे असे, की दार उघडायला मी गेले तर येणाऱ्याला मी कामाला आलेली बाई वाटेन.

मला हे लुगडे आवडते, त्यात मी मोकळी चालते. तरीही प्रत्येक वेळी खुलासा करावा लागला की आतून आकसल्यासारखे होते. चारचौघांपेक्षा वेगळे राहताना आत्मविश्वास कसा टिकवावा? की हा केवळ माझा हट्ट आहे?

उत्तर १ : निरी (कोपरी)

ताई, मी १४ वर्षे नऊवारी नेसवण्याचे आणि शिकवण्याचे काम करते, म्हणून आधी कापडाचे बोलते. बायका आकसतात त्यामागे बहुतेक वेळा लोकांच्या नजरेपेक्षा कासोटा सुटण्याची भीती असते, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींमध्ये नेहमी पाहते. आतून त्याच रंगाची घट्ट सुती विजार घाला आणि घोळ घोट्याच्या दोन बोटे वर ठेवा, म्हणजे ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत कुणाचा पाय पडणार नाही. कासोटा खोचल्यानंतर घरातच दहा वेळा उकिडव्या बसून उठा. तेवढ्याने सुटला नाही तर दिवसभर सुटत नाही.

इरकलीचा पदर रेशमाचा आणि अंग बहुधा सुती असते. विणकर अंगाच्या ताण्याला (म्हणजे उभ्या धाग्यांना) पदराचा ताणा फासे घालून जोडतात, त्यामुळे जुन्या लुगड्याला त्या जोडावर जपावे लागते. तेथे पिन लावू नका, हँगरवर टांगू नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर कापड घडीवरच विरते.

उत्तर २ : निवृत्त_शिक्षिका (पाचपाखाडी)

हा हट्ट आहे का, असे तुम्ही विचारले आहे, त्यामुळे दोन जुन्या गोष्टी सांगते. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली या तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात बसलेल्या दिसतात. परक्या गावात, परक्या थंडीत, ज्या शिक्षणासाठी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला ते शिक्षण घेताना आनंदीबाईंनी साडी सोडली नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून आपली जात दुरूनच ओळखली जाते ते सोडून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि त्या स्त्रियांनी लुगडी घोट्यापर्यंत लांब नेसायला लगेच सुरुवात केली. म्हणजे एकीने जुना पेहराव धरून ठेवणे आणि दुसरीने जुने नेसणे टाकणे, या दोन्ही गोष्टी स्वाभिमानाच्याच होत्या. आपण काय नेसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, एवढेच त्या दोघींत समान आहे. तुमचे लुगडेही मी त्याच मापाने मोजेन.

लोकांच्या नजरेविषयी मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या निम्म्या लोकांना आपला टी-शर्ट लक्षात राहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लोकांना तो सांगता आला. मात्र हा प्रयोग तुम्हाला पूर्ण लागू पडत नाही, हेही मला सांगितले पाहिजे, कारण गाडीत नऊवारी खरोखरच दिसते. तुमच्या अधिक कामाचा अभ्यास २०१४ सालचा आहे. मिलानच्या महागड्या दुकानांतील विक्रेत्यांना व्यायामाच्या कपड्यांत आलेली बाई उंची पोशाखातल्या बाईपेक्षा अधिक प्रतिष्ठित गिऱ्हाईक वाटली. ही मोठेपणाची छाप केव्हा पडते, तर वेगळेपणा जाणूनबुजून पत्करलेला आहे असे समोरच्याला जाणवते तेव्हाच. म्हणून खुलासा करताना स्वर क्षमेचा नसावा. ‘आजीचे आहे, मला आवडते,’ एवढे सांगून विषय बदलावा.

उत्तर ३ : खाडीकाठ (घणसोली गाव)

बाईंनी सांगितलेल्या त्या दुसऱ्या अभ्यासातच माझी वेदना आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आम्ही आगरी. माझी आजी जन्मभर लुगडेच नेसली. शेतात, खाडीत, बाजारात, लग्नात. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढे जमिनी गेल्या, आजूबाजूला सेक्टर उभे राहिले. त्या सेक्टरांतल्या दुकानात आजी गेली की दुकानदार तिला एकेरीत हाक मारायचा आणि माझ्या आईला, ती सहावारीत असल्यामुळे, ‘मॅडम’ म्हणायचा. दोघी एकाच घरातून, एकाच पिशवीसाठी गेलेल्या असायच्या. शेवटची काही वर्षे आजीने रस्ता ओलांडून पलीकडे जाणेच सोडले.

ताई, तुमचे लुगडे निवडलेले दिसते म्हणून कधी ना कधी त्याला मान मिळेल. माझ्या आजीचे लुगडे निवडलेले नव्हते, ते तिचे रोजचे कपडे होते, म्हणून मिळाला नाही. तुमच्या सासूबाईंना वाईट ठरवत नाही, त्यांना समाजाने हेच शिकवले आहे. पण कामाला येणाऱ्या बाईसारखे दिसण्यात काय कमी आहे, हा प्रश्न त्यांना एकदा शांतपणे विचारावा, असे मला मनापासून वाटते. आणि तुम्ही मंगळवारचे लुगडे सोडू नये. यात्रेत हजार बायका नऊवारीत पाहून आमच्या आजीला कुणी ‘मॅडम’ म्हटले नाही. गाडीत, बँकेत, ऑफिसात रोज कुणीतरी दिसले असते, तर कदाचित म्हटले असते.

उत्तर ४ : मनुष्यबळ (वाशी)

मी मनुष्यबळ क्षेत्रात काम करते आणि माझे मत थोडे वेगळे आहे. साहेबांच्या सूचनेशी मनातल्या मनात झगडत बसू नका. पोशाखाविषयी कंपनीचा लेखी नियम आहे का, ते विचारा. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या, तेव्हा स्त्रियांसाठी साडीचा उल्लेख स्पष्टपणे केला होता. त्या सूचना खासगी कंपनीला लागू नाहीत, पण साडी हा कामाचा पोशाख आहे हे सांगताना उपयोगी पडतील. लेखी नियम आडवा आला, तर तो बदलून घेण्यासाठी अर्ज करा. तोपर्यंत तो पाळावा लागेल, आणि त्यात तुमचा पराभव नाही.

आजीची_नात (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. घडी मी आजच बदलली. एका लुगड्याचे कापड घडीवर खरोखरच विरू लागले होते. नियमाविषयी सोमवारी विचारते.

खाडीकाठ दादा, तुमचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नंतर ‘त्या आजींना पुन्हा गेलेच नाहीत का कुणी घेऊन?’ एवढेच त्यांनी विचारले. तुम्हाला माझी एक विनंती आहे. आगरी नेसण्याची पद्धत आमच्यापेक्षा निराळी असते, असे मावशी सांगते. तुमच्या घरी ती येणारे कुणी अजून असेल, तर मला शिकायला येता येईल का? रविवारी मी मोकळी असते.