प्रतिसाद: खरखरीत दांडी आणि दोरीचे झोपाळे

पोपटाची नखं झिजावीत म्हणून पिंजऱ्यातल्या बसायच्या दांडीला सँडपेपरची नळी घालावी, असं मूळ पोस्टमध्ये सुचवलंय. ती नळी आधी काढा. त्याने नखं फारशी झिजत नाहीत, तळवे मात्र सोलवटतात. खरखरीत दांडी हवीच असेल तर एकच ठेवा, तीही खाण्याच्या भांड्याजवळ. सगळ्यात उंच जागी नको. पोपट तिथेच झोपतो आणि रात्रभर पाय घासत राहतात.

पिंजऱ्यासोबत येणारी गुळगुळीत गोल दांडीही एकटी पुरत नाही. जाडी सगळीकडे सारखी, म्हणून भार तळव्याच्या त्याच ठिकाणी पडतो: आधी लाली, मग घट्टा, शेवटी जखम. फवारणी न केलेली, सालीसकट वाकडी फांदी घ्या, घासून धुवा, पूर्ण वाळवा. जाडी बजरीला (छोटा पोपट, बजरीगर) साधारण १ ते २ सेंमी, कॉकटीलला (तुरेवाला, थोडा मोठा पोपट) दीड ते अडीच. पंजाने दांडीचा दोन-तृतीयांश घेर धरला पाहिजे; पुढची-मागची नखं एकमेकांना भिडली तर दांडी बारीक आहे. पाण्याच्या भांड्यावर दांडी नको, विष्ठा पाण्यात पडते.

दोरीचा झोपाळा चालेल, पण रोज बघा. सुटलेला धागा बोटाला गुंडाळला की रक्तपुरवठा तुटतो, गिळला तर अन्नपिशवीत (गळ्याखाली अन्न साठतं ती पिशवी) गोळा होतो. सुटलेले धागे कापत राहा, फारच विसविशीत झाला की फेका.

खेळण्याची साखळी स्टेनलेस स्टीलची. जस्ताचा मुलामा चावून विषबाधा होते. फट असलेल्या घुंगरात बोट अडकतं. खेळणं फाडलं म्हणजे पैसे वाया गेले असं नाही, ते फाडण्यासाठीच असतं!